रिडेव्हलपमेंट किंवा घराचं काम काढण्याआधी प्लॉटचा भूकंपाचा धोका कसा तपासायचा (मुंबईकरांसाठी)

मुंबई भूकंपाच्या झोन तीनमध्ये येते हे बऱ्याच जणांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, आणि तेवढं ऐकलं की विषय संपतो. म्हणजे "मध्यम धोका आहे, चालतंय, बिल्डर बघेल काय ते". मी आरसीसी (सळई-काँक्रीटच्या बांधकामाच्या) कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करतो, बोअर (माती-खडक तपासायला पाडलेलं खोल भोक) मारताना साईटवर उभा असतो, जुन्या बिल्डिंगांचे कॉलम फोडून बघतो, आणि मला मनापासून वाटतं की हा विषय सोसायटीच्या लोकांनी स्वतः समजून घ्यायला पाहिजे. कारण झोन तीन कुलाब्यालाही आहे आणि मुलुंडलाही आहे, नकाशावर दोघांचा रंग एकच. पण तुमच्या बिल्डिंगला भूकंपात किती हादरा बसणार हे तुमच्या प्लॉटखाली काय आहे आणि तळमजल्यावर काय केलंय यावर ठरतं, आणि या दोन्ही गोष्टी बांधकामाआधी तपासता येतात. कसं ते जमेल तसं सांगतो, थोडं लांबेल, पण बघा.

आधी झोनचं थोडक्यात. आयएस १८९३ नावाचा भारतीय कोड आहे, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत झोन दोनला ०.१०, तीनला ०.१६, चारला ०.२४ आणि पाचला ०.३६ असे हादऱ्याच्या तीव्रतेचे आकडे आहेत, इंजिनिअर त्यावरून हिशोब सुरू करतो. कोड अधूनमधून बदलतो, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की डिझाईन कुठल्या आवृत्तीप्रमाणे केलंय, आणि उत्तर लेखी घ्यायचं. पण झोन कमी म्हणून निर्धास्त राहू नका. किल्लारी त्या वेळच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे काय झालं ते महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेत.

माझं गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी चुलीपुढे बसायच्या तयारीत होती, ती सांगायची की आधी जमिनीतून ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि मग भांड्यांची उतरंड अंगावर आली. कोयनानगर मुंबईपासून सरळ रेषेत साधारण दोनशे किलोमीटर, तरी तो धक्का मुंबईतही जाणवला होता. उत्तरेला डहाणू-तलासरी पट्ट्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून छोट्या-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, ते अंतर तर शंभर-सव्वाशे किलोमीटरच. आणि लांबच्या मोठ्या भूकंपाचा त्रास वेगळा असतो, तो पुढे सांगतो, कारण मुंबईसाठी तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता मुख्य गोष्ट, जमीन. मुंबई म्हणजे सात बेटं आणि मधली भरलेली खाडी, हे शाळेत शिकलेलंच आहे, पण आपला प्लॉट बेटावर आहे की भरावावर हे कोणी बघत नाही. पैसे खर्च करायच्या आधी फुकटात बरंच कळतं. जागेचं जुनं नाव बघा. पायधुनी म्हणजे खाडीचं पाणी ओलांडून आल्यावर पाय धुवायची जागा, उमरखाडीच्या तर नावातच खाडी आहे, धोबी तलाव म्हणजे बुजवलेला तलाव. तुमच्या भागात खाजण, मिठागर, आगर, तलाव, नाला असले शब्द जुन्या लोकांच्या तोंडी येतात का ते विचारा. वडाळा, कांजूर, भांडुप, मुलुंड पूर्व, इथली मिठागरं बघितलेली माणसं अजून आहेत, त्यांना नुसतं विचारलं "काका, इथे आधी काय होतं" तर अर्धा रिपोर्ट तिथेच मिळतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे बघा, पालिकेचा डीपी (विकास आराखडा) रिमार्क काढा, त्यात नाला, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), रस्त्याची रेषा दिसते, त्यासाठी जमिनीच्या नोंदीचा नंबर लागतो, शहरात सीएस नंबर आणि उपनगरात सीटीएस नंबर. शेजारच्या नव्या बिल्डिंगने पाइल (जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) घातले होते की साधं ओपन फाउंडेशन होतं, हे त्यांच्या सेक्रेटरीला किंवा जुन्या वॉचमनला माहीत असतं. शेजारी पाइल वीस मीटर गेले असतील आणि तुमचा बिल्डर म्हणत असेल की इथे तीन मीटरवर खडक आहे, तर थांबून विचारायला हवं.

टेकडीच्या बाजूला असाल, घाटकोपर, विक्रोळी पार्कसाईट, भांडुपचा वरचा भाग, तर प्रश्न वेगळा आहे. तिथे खडक जवळ असतो पण उतार असतो, अर्धा प्लॉट कापून आणि अर्धा भरून सपाट केलेला असतो. मागची रिटेनिंग वॉल कोणाची, तिला पाणी निघायला भोकं आहेत का, ती फुगली आहे का, हे बघा. पावसात धोका असलेला उतार हादऱ्यातही धोक्याचाच.

यानंतर बोअर. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळा जीव इथेच आहे. सॉईल इन्व्हेस्टिगेशनसाठी कोडचा साधा अंदाज असा की साधारण एक एकराच्या प्लॉटवर एकाच बिल्डिंगसाठी चार कोपऱ्यात चार आणि मध्ये एक बोअर पुरावा. आपले प्लॉट लहान असतात म्हणून बरेच जण दोन बोअरवर भागवतात, पण मुंबईचा खडक सपाट नसतो, लाव्ह्याचे थर, मध्ये ब्रेशिया, टफ असले वेगळे दगड, कुठे मऊ शेल, आणि वरून झिजून तयार झालेले खड्डे. विक्रोळी पूर्वेच्या एका प्लॉटवर आम्ही उभे होतो, रस्त्याकडच्या बोअरला चार मीटरवर खडक लागला, सगळे खुश, डेव्हलपरचा माणूस म्हणाला आता दुसऱ्याची गरजच काय, मशीन उचला. आम्ही हट्टाने मागच्या कोपऱ्यात, खाडीकडच्या बाजूला बोअर घेतला. दीड-दोन मीटर डेब्रिजचा भराव, विटांचे तुकडे, प्लास्टिक, आणि मग स्पून (मातीचा नमुना आणणारी नळी) वर काढून उघडला तर आत काळा चिकट चिखल, सडक्या अंड्याचा वास, आणि त्यात तिसऱ्यांच्या शिंपल्या, अगदी अख्ख्या. तो चिखल दहा मीटरपर्यंत गेला, खाली झिजलेला मुरूम आणि अकराव्या मीटरला खडक. एकाच बिल्डिंगचा एक पाय खडकावर आणि दुसरा चिखलात, हे दोन बोअर झाले नसते तर खड्डा खणेपर्यंत कळलं नसतं, आणि खड्डा खणल्यावर कोणाला थांबायचं नसतं.

रिपोर्ट हातात आला की त्यातला बोअरलॉग काढा, बाकी पानं नंतर. त्यात एसपीटी एन व्हॅल्यू असते. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून टाकतात, पहिले १५ सेंटीमीटर सोडून पुढचे ३० सेंटीमीटर नळी आत जायला किती घाव लागले तो आकडा म्हणजे एन. तिसाच्या वर म्हणजे घट्ट, दहा ते तीस मध्यम, दहाच्या खाली मऊ, ही ढोबळ वाटणी लक्षात ठेवा. आमच्या त्या काळ्या चिखलात दोन-तीन येत होते, म्हणजे दोन-तीन घावांतच नळी ३० सेंटीमीटर आत जाते अशी परिस्थिती. खडकात एन नसतो, तिथे कोअर रिकव्हरी (किती खडक वर निघाला) आणि आरक्यूडी (त्यातले लांब अखंड तुकडे किती) टक्क्यात लिहिलेलं असतं, ते फार कमी असेल तर तो खडक नावालाच खडक आहे. बोअर खडक लागताच थांबवलाय की खडकात चार-पाच मीटर आत नेलाय तेही बघा, कारण भरावात मोठा दगड असतो आणि त्यालाच खडक समजून लोक मोकळे होतात.

पाण्याची पातळी लिहिलेली असते, ती कुठल्या महिन्यात मोजली ते बघा, मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली यात खूप फरक पडतो आणि खाडीजवळ तर भरती-ओहोटीचाही पडतो. आणि थरात वाळू आहे का ते शोधा. जुहू, वर्सोव्याकडे किनाऱ्यालगत वाळू लागते, पाण्याखालची सैल बारीक वाळू हादऱ्यात पाण्यासारखी वागते, बिल्डिंग कलते किंवा खचते, त्याला लिक्विफॅक्शन म्हणतात. काळ्या चिकणमातीचं सहसा तसं होत नाही पण ती हादरा वाढवते. म्हणजे दोन्ही धोके वेगळे आणि उपायही वेगळे, रिपोर्टमध्ये लिक्विफॅक्शनचा हिशोब केलाय का हे सरळ विचारायचं.

हादरा वाढवते म्हणजे काय? इथे लांबच्या भूकंपाची गोष्ट येते. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये मेक्सिको सिटीत हाहाकार झाला तेव्हा भूकंपाचं केंद्र तिथून साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब समुद्राकडे होतं, पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर बसलेला आहे. मऊ गाळ संथ लयीत डोलतो, आणि मधल्या उंचीच्या बिल्डिंगांची लय त्याच्याशी जुळली, त्यामुळे त्याच जास्त पडल्या. झोपाळा योग्य वेळी ढकलला की कसा वाढत जातो, तसंच. आपल्या कोडमध्ये हे आकड्यात दिसतं. धरा ४५ मीटर उंच आणि १६ मीटर रुंद बिल्डिंग आहे, भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या, तर कोडच्या सूत्राने तिची लय, म्हणजे एकदा डोलून यायला लागणारा वेळ, साधारण एक सेकंदाची येते. खडकावर जेवढा आडवा जोर धरायचा त्याच्या १.६७ पट मऊ जमिनीवर धरायचा, तीच बिल्डिंग, तोच झोन तीन, फक्त जमीन बदलली. म्हणून डिझाईन बेसिस रिपोर्ट मागा (डिझाईन करताना काय काय गृहीत धरलं त्याचा कागद) आणि त्यात सॉईल टाईप एक (खडक किंवा घट्ट), दोन (मध्यम) की तीन (मऊ) लिहिलंय ते बोअरलॉगशी ताडून बघा. टाईप एक लिहून ठेवलंय आणि लॉगमध्ये दहा मीटर चिखल आहे, असं दिसलं तर लेखी विचारणा करा. हे काम सोसायटीतला कोणीही दहावी पास माणूस करू शकतो, इंजिनिअर असायची गरज नाही.

त्याच रिपोर्टमध्ये आर नावाचा आकडा असतो, सहसा ३ ते ५ मधला. ५ म्हणजे इंजिनिअरने गृहीत धरलंय की बिल्डिंग हादऱ्यात वाकेल, भेगा पडतील पण तुटणार नाही, म्हणून जोर कमी धरला. ही सवलत फुकट नसते, त्यासाठी आयएस १३९२० प्रमाणे सळई बांधावी लागते, आणि झोन तीनमध्ये तो कोड लागू आहेच. मऊ जमिनीवरची वरची तीच बिल्डिंग, दोनशेपेक्षा जास्त माणसं राहणारी, तर आर ५ ने वजनाच्या साधारण ३.२ टक्के आडवा जोर येतो आणि ३ ने ५.३ टक्के, एवढा फरक. म्हणजे कागदावर ५ लिहून साईटवर जुन्या पद्धतीने रिंगा (उभ्या सळयांभोवतीची लोखंडी कडी) बांधल्या तर आपण कमी जोराची आणि कमी ताकदीची अशी दोन्हीकडून नुकसानीची बिल्डिंग घेतोय.

रिंग कशी ओळखायची? कास्टिंगच्या आधी कॉलमजवळ जाऊन बघा, परवानगी घ्या, हेल्मेट घाला. रिंगेची दोन्ही टोकं कोपऱ्याच्या सळईला वळसा घालून कॉलमच्या आत, पोटाकडे वळलेली पाहिजेत, १३५ अंशात, आणि आत गेलेलं टोक कमीत कमी ६५ मिलिमीटर, म्हणजे साधारण चार बोटं. नुसती काटकोनात दुमडलेली असेल तर हादऱ्यात कव्हर फुटलं की ती उघडते आणि सळया बाहेर फुगतात. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, बीमच्या जवळ, रिंगा दाट लागतात, १०० मिलिमीटरपेक्षा लांब नाही, आणि बीम-कॉलमच्या जोडातही रिंगा पाहिजेत. जोडात रिंग घालायला फिटरला त्रास होतो म्हणून तिथेच सगळ्यात जास्त चोरी होते. फोटो काढून ठेवा, मजल्याप्रमाणे.

तळमजला. मुंबईत स्टिल्ट पार्किंग सगळ्यांना पाहिजे, आणि हीच मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. वर प्रत्येक मजल्यावर भिंतीच भिंती, कडक डबा, आणि खाली नुसते खांब. हादरा आला की वरचा डबा जसाच्या तसा राहतो आणि सगळी हालचाल खालच्या खांबांवर येते. २६ जानेवारी २००१ ला भुजजवळ भूकंप झाला, अहमदाबाद तिथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि तरी तिथे ज्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या त्यातल्या बऱ्याचशा अशाच खाली पार्किंग असलेल्या होत्या, त्यातही साबरमतीच्या गाळाच्या भागात जास्त. तो धक्का मुंबईलाही जाणवला होता, आपण साडेपाचशे किलोमीटरवर होतो. स्टिल्ट नकोच असं मी म्हणत नाही, गाड्या कुठे ठेवणार, पण लिफ्टच्या आणि जिन्याच्या आरसीसी भिंती पायापर्यंत खाली आल्या पाहिजेत, दोन्ही दिशांना शिअर वॉल (आडवा जोर घेणाऱ्या आरसीसी भिंती) पाहिजेत, आणि त्या बिल्डिंगच्या एकाच कोपऱ्यात गोळा झालेल्या नकोत, नाहीतर बिल्डिंग पिळते. प्लॅन हातात घ्या, जाड काळ्या भिंती कुठे आहेत त्यावर पेन्सिलने खूण करा, मग पार्किंगचा प्लॅन घ्या आणि त्याच भिंती तिथे आहेत का बघा. पार्किंगच्या एखाद्या जागेसाठी भिंत गायब झाली असेल किंवा वरचा कॉलम खाली येतच नसेल, बीमवरच उभा असेल, तर कन्सल्टंटला बोलावून समोर बसवून विचारा. दोन विंगमध्ये सांधा असेल तर किती इंचाचा आहे तेही विचारा, नुसता थर्माकोल घालून चिकटवलेल्या विंगा हादऱ्यात एकमेकींवर आपटतात.

आता ज्यांना रिडेव्हलपमेंट नाही, फ्लॅटचंच काम काढायचंय त्यांच्यासाठी. आधी बिल्डिंग कसली आहे ते ओळखा. जुन्या चाळी, उपकरप्राप्त (म्हाडाला उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती, यात लाकडी तुळया आणि जाड विटांच्या भिंती, भिंतच वजन घेते, तिथे एक भिंत काढून हॉल मोठा करणं म्हणजे वरच्या बिऱ्हाडांचा आधार काढणं. आरसीसी असेल तर भिंत काढता येते असं सगळे समजतात, पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगांत नऊ इंची कॉलम भिंतीत लपलेले असतात, प्लास्टरखाली दिसत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एकांनी तळमजल्यावर दोन गाळे जोडून एक दुकान केलं, ठेकेदार म्हणाला ही नुसती पार्टिशन आहे, ब्रेकर चालवला, आणि दुपारी जेवायच्या वेळी वहिनींनी फोन केला की भिंतीतून सळया बाहेर आल्यात. आम्ही गेलो तर कॉलमची एक बाजू अर्धा फूट फुटलेली, रिंगा कापलेल्या, वर चार मजले. त्याच रात्री लोखंडी टेकू लावले, नंतर जॅकेटिंग (कॉलमभोवती नवा सळई-काँक्रीटचा थर) केलं, आणि वरचे लोक आठवडाभर नातेवाईकांकडे. म्हणून ब्रेकर यायच्या आधी रिबार लोकेटर नावाचं आतली सळई शोधणारं छोटं मशीन भिंतीवर फिरवून घ्या, तासाभराचं काम असतं.

फक्त कॉलमच नाही, तळमजल्यावरच्या विटांच्या भिंती सरसकट काढणं हेही स्टिल्ट बनवण्यासारखंच आहे, कागदावर त्या भिंतींचा हिशोब नसला तरी हादऱ्यात त्या काम करत असतात. उलट अर्धीच भिंत बांधून वर खिडकीची लांब पट्टी ठेवली तर कॉलमचा मोकळा भाग आखूड होतो आणि आखूड कॉलम आधी तुटतो. गच्चीवर जादा पाण्याची टाकी, माती घातलेली बाग, जुन्या लादीवर नवी लादी, हे सगळं वजन वाढवतं आणि आडवा जोर वजनाच्या प्रमाणात येतो, तोही वरच्या मजल्यावर जास्त.

बिल्डिंग तीस वर्षांच्या वर असेल तर पालिकेच्या कायद्याच्या कलम ३५३ बी प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, त्यात सी-१ (अतिधोकादायक), सी-२ए, सी-२बी, सी-३ (किरकोळ दुरुस्ती) अशी वर्गवारी येते. पण हे ऑडिट मुख्यतः गंज, गळती, काँक्रीटची अवस्था, वजन पेलतंय का यावर असतं. सी-३ आलं म्हणजे भूकंपात टिकेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. भूकंपासाठी वेगळं विचारावं लागतं, त्याचा कोड आयएस १५९८८ आहे, जुन्या आरसीसी बिल्डिंगांच्या तपासणीचा आणि मजबुतीकरणाचा. ऑडिटरला नेमतानाच पत्रात ते लिहा, कारण रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर, हाफ सेल या काँक्रीटची ताकद आणि गंज मोजायच्या चाचण्या तशाही होतातच, त्याच वेळी दोन-चार कॉलम उघडून रिंगांचं अंतर बघायला जास्त खर्च येत नाही. समुद्राच्या हवेत रिंग मुख्य सळईच्या आधी गंजते, कारण ती पातळ आणि बाहेरच्या बाजूला असते. मी दादरला एका कॉलमचं कव्हर काढलं तेव्हा ६ मिलिमीटरची रिंग बोटाने चुरली गेली, लाल पावडर हातावर, आणि बाहेरून त्या कॉलमला दोनच महिन्यांपूर्वी छान रंग दिलेला होता. जुन्या स्टिल्टच्या बिल्डिंगला खालच्या मजल्यावर काही नवीन आरसीसी भिंती किंवा स्टीलचे ब्रेसिंग (तिरके आधार) घालून बरीच सुधारणा करता येते, दोन गाड्यांची जागा जाईल, पण लोक घर न सोडता होतं.

घराच्या विम्यात भूकंप आहे का बघा, भारत गृह रक्षा पॉलिसीत तो येतो, पण सोसायटीच्या कॉमन भागाचा विमा आहे का हे वेगळं विचारा.

आणि एक काम आजच करा, बोअर झालेले असतील तर. खडकाचे कोअर लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत, खोलीप्रमाणे लावून ठेवलेले असतात, वर बोअर नंबर आणि मीटर लिहिलेले. काम संपलं की त्या पेट्या कुंपणाजवळ पडतात, पावसात आकडे पुसले जातात, कोणीतरी जळणाला फळ्या नेतो. त्या पेट्या सोसायटीच्या ऑफिसात आणून ठेवा, प्रत्येकीचा वरून फोटो काढा, आणि ज्या दिवशी पायाचा खड्डा पूर्ण खणून होईल त्या दिवशी काँक्रीट पडायच्या आधी पेटी घेऊन खाली उतरा, पेटीतला त्या खोलीचा तुकडा आणि खड्ड्याच्या तळाचा दगड शेजारी ठेवून बघा, रंग आणि पोत जुळतोय का, चारही कोपऱ्यात.